भिंती रंगवून झाल्या असतील तर एक खोली द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पुलाच्या खांबांवर काढलेल्या चित्रांचे फोटो आले होते, अर्धं पान, रंगीत. सिंहस्थ तोंडावर आलाय म्हटल्यावर हे होणारच, साधू, गोदावरी, कलश, द्राक्षाचा घड, परत साधू. चांगलीयेत चित्रं, मी काय नावं ठेवायला बसलो नाहीये, ट्रॅफिकमध्ये अडकलं की बघायला काहीतरी होतं. पण खरं सांगू का, त्यातल्या एका खांबापासून दहा फुटांवर चहाची टपरी आहे, त्या टपरीवाल्याला मी विचारलं कोणी काढली हो ही चित्रं, तर म्हणे रात्री टेम्पो येतो, चार माणसं उतरतात, काढतात आणि जातात. म्हणजे जो माणूस रोज बारा तास त्या खांबासमोर उभा असतो त्याला कोणी एक रेघ सुद्धा मारायला दिली नाही. माझं सगळं पत्र ह्या एका गोष्टीवर आहे. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण शेवटचं मागणं तेवढं ठेवा.

आपल्या शहरात एक चित्रकार आहे. नाव छापू नका असं त्याने मला बजावलंय म्हणून मी त्याला नुसतं चित्रकारच म्हणतो. चाळिशीतला आहे, बडोद्याला प्रिंटमेकिंग शिकला आणि परत नाशिकला आला, आठवडाभर क्लास घेतो आणि रविवारी स्कूटरवर पायाशी एक गोणी ठेवून निघतो. गोणीत काय तर लिनोचे तुकडे (लिनो म्हणजे कोरून ठसा करायची मऊ, जाडसर शीट), कोरायच्या हत्यारांचा डबा, दोन रोलर, एक जाड काच, शाईचे डबे आणि रद्दी. चमचे तो लोकांच्या घरून मागून घेतो, कारण प्रेस नाहीये त्याच्याकडे, कागद ठशावर ठेवायचा आणि पाठीमागून स्टीलच्या चमच्याने घासायचा, झाली प्रिंट. जुन्या नाशकातल्या गल्ल्या, पंचवटी, सिडको, आमचं जेलरोड, कुठेही ओटा मिळाला की बसतो. पैसे घेत नाही. कोणाकडून मिळतात पण नाहीत.

मी तिथे गेलो तो नातीला सोडायला. आणि मनात म्हटलं हे काय, भेंडीचे ठसे आम्ही पण काढायचो लहानपणी. कारण साहेब मी नाशिकरोडला प्रेसमध्ये होतो, चौतीस वर्षं. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की कुठली हे कोणी विचारत नाही. १९२५ ला सिक्युरिटी प्रेस आलं, १९२८ ला नोटांचं, तेव्हापासून आमच्याकडे अर्ध्या घरांतून शिफ्टचे डबे जातात. आत काय कसं चालतं ते मी बायकोला सांगितलं नाही तर तुम्हाला कशाला सांगू, पण जे जगजाहीर आहे तेवढं सांगतो. त्या दिवशी मी जरा तोऱ्यात म्हणालो की मी छपाईवाला माणूस, मला काय दाखवतोस, तर तो हसला आणि म्हणाला, काका मग तुम्हीच सांगा ना पोरांना.

फसलो. खिशातून शंभरची नोट काढली, म्हटलं गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवा, खरखरीत लागतंय ना, ते का, तर प्लेटमध्ये खाचा असतात, त्यात शाई भरतात, वरची पुसून टाकतात आणि मग इतका दाब देतात की कागद त्या खाचेत शिरून शाई उचलून आणतो, म्हणून शाई कागदावर उठून राहते. कडेला तिरप्या रेघा आहेत बघा, शंभरला चार, पाचशेला पाच, ज्यांना दिसत नाही त्यांना बोटाने नोट ओळखता यावी म्हणून. आणि लिनोत बरोब्बर उलटं, जे खोदलं ते पांढरं राहतं, जे उरलं त्याला शाई लागते. एक सहावीतली मुलगी, दोन वेण्या, म्हणाली, म्हणजे आजोबा तुम्ही खड्डे छापायचे आणि आम्ही टेकड्या. चौतीस वर्षांत एवढ्या सोप्या भाषेत मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग घरी येताना एक गोष्ट डोक्यात बसली ती गेलीच नाही. माझ्या हातासमोरून किती छापील कागद गेला असेल देव जाणे, पण त्यातली एक रेघ माझी नव्हती. तक्रार नाही ही, ते कामच तसं आहे, तिथं तुमची रेघ असली तर पोलीस येतील. पण पुढच्या रविवारी मी नातीच्या आधी तयार होऊन बसलो होतो.

आता त्याचे प्रोजेक्ट सांगतो, कारण तो नुसता क्लास घेत नाही, एकेका भागात एकेक विषय धरून महिनोन्‌महिने बसतो. नदीकाठच्या गल्ल्यांत त्याने पुराचा विषय घेतला. घरोघर जायचा, कागद आणि कोळसा पुढे ठेवायचा आणि एकच प्रश्न, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते काढून दाखवा. बोलून नाही, काढून. पहिल्यांदा सगळे म्हणायचे आम्हाला चित्र येत नाही, मग म्हणायचे थांब, ओटा असा होता, तिसरी पायरी इथं, आणि मग थांबायचेच नाहीत. नाशिककराला पुराचं विचारलं की तो आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं सांगतो, कमरेला पाणी, छातीला पाणी, पण हे लोक मारुतीवर न थांबता स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरले. १९६९ चा पूर आठवणाऱ्या एक आजी होत्या, त्यांनी पूर काढलाच नाही, फळीवर चढवून ठेवलेली धान्याची पिंपं काढली आणि खाली नुसत्या आडव्या रेघा. २००८ वाले वेगळे, २०१६ वाले वेगळे, २०१९ वाल्यांच्या चित्रात मोबाईल धरून उभी असलेली माणसं. एका भांडी बाजारातल्या दुकानदाराने पाण्यावर तरंगणारी पातेली काढली, एकात एक घातलेली, जशी दुकानात लावतात तशीच तरंगताना पण.

मग ते लिनोवर उतरवायचं. इथं सगळ्यांची जिरते, कारण छापल्यावर सगळं उलटं येतं. अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात. एका माणसाने आपल्या दुकानाची पाटी मन लावून, सुलट, दोन रविवार घालवून कोरली आणि छापली तर काय, काहीच वाचता येईना. चित्रकार म्हणाला परत करूया, तर तो म्हणाला राहू दे, पाण्यात अशीच दिसत होती. मी सांगायला गेलो की अहो पाण्यात पाटी वरखाली उलटते, डावी-उजवी नाही, तर मला म्हणाला, काका पाणी तुमच्या दुकानात शिरलं होतं का माझ्या. गप्प बसलो.

शेवटी सगळ्या प्रिंटा त्यांनी गल्लीत लावल्या आणि कशा लावल्या ते ऐका. सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे लावले, पण सुतळी एका सरळ रेषेत नाही, ज्याच्या घरात पाणी जिथपर्यंत आलं होतं त्याच्या दारापाशी त्या उंचीला. त्यामुळे ती माळ कुठं गुडघ्याला, कुठं कानाला, कुठं डोक्याच्या वर हात दीड हात. सरकारी नकाशावर निळी पूररेषा आणि लाल पूररेषा असते, निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा, हे मला माहीत होतं, प्लॉट घेताना आपण सगळे ते शिकतो. पण ती रेष कागदावर बघणं वेगळं आणि गल्लीतून चालताना आपल्या डोक्यावर प्रिंट वाऱ्याने फडफडतेय हे वेगळं. माझ्या शेजारी एक तरुण जोडपं होतं, भाड्याने नवीन राहायला आलेलं, त्यातली मुलगी वर बघून नवऱ्याला म्हणाली, फ्रिज वर ठेवावा लागेल. तो फोटो तुमच्याकडे आला नाही. कोणी बोलावलंच नव्हतं तुम्हाला, ती चूक आमची.

सिडकोतल्या बायकांचा ग्रुप मात्र त्याच्या दोन पावलं पुढे गेला. प्रिंटमेकिंगमध्ये एक पद्धत असते की बारा जणांनी बारा बारा प्रती काढायच्या आणि वाटून घ्यायच्या, म्हणजे प्रत्येकाच्या घरी बारा जणांचं काम जातं. खाली पेन्सिलीने लिहायचं, ३/१२ म्हणजे बारातली तिसरी. आमच्याकडे नंबर टाकायचे ते हिशोब लागावा म्हणून, इथं नंबर टाकतात तो एवढीच काढली आणि ठसा बाजूला ठेवला हे सांगायला. त्या बायकांनी विचार केला की हे तर वाण झालं, आणि संक्रांतीला हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी प्रिंटा लुटल्या. कोणी हलव्याचे दागिने कोरले, कोणी पाण्याच्या टँकरची लाईन, एकीने नुसता नवऱ्याचा हेल्मेट अडकवायचा खिळा. आमच्या सौ. घेऊन आल्या एक, फ्रेम करून देवघराच्या बाजूला लावलीय. मला विचारलं नाही कुठं लावू म्हणून.

भांड्यावर नावं घालणारा माणूस आठवतो का तुम्हाला, ते टर्रर्र वाजणारं मशीन. आपल्या प्रत्येकाच्या घरात त्या लोकांचं अक्षर आहे, कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं ते तारखेसकट. चित्रकाराने भांडी बाजारातून एकाला पकडून आणलं आणि सांगितलं की आज हे सर आहेत. दुधाचे, ज्यूसचे जे चकचकीत खोके येतात ते उघडून आतल्या बाजूवर सुईने ओरखडे काढायचे, त्यात शाई चोळायची, जादाची पुसायची आणि ओल्या कागदावर दाबून छापायचं. म्हणजे बघा, ही परत खड्ड्याची छपाई, माझी. फक्त ह्याला दाब लागतो, चमच्याने भागत नाही. तेव्हा त्याने कोणाच्या तरी स्टुडिओतलं एक छोटं प्रेस दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं, दोन रूळ, मधून फळी आणि बाजूला फिरवायचं चाक, पोरं त्याला रसवंती म्हणायला लागली. नावं घालणाऱ्या त्या माणसाचा हात इतका बसलेला की पेन्सिल न लावता त्याने थेट सुईने तांबट आळीतला एक हंडा काढला, ठोक्यांच्या खुणांसकट. आणि खाली सवयीने लिहिलं, सप्रेम भेट. ते पण उलटं छापलं गेलं. तो इतका हसला की खोकला लागला.

सगळं असंच गोड नाही झालं. एका शाळेत त्याला बोलावलं, मी पण गेलो मदतीला. आधीच फळ्यावर चित्र काढून ठेवलेलं होतं आणि सगळ्या मुलांनी तेच काढायचं, नीट, रेषेच्या आत, पहिले तीन नंबर काढणार म्हणे. पालक विचारत होते ह्याचं सर्टिफिकेट आहे का, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ह्याचा उपयोग होतो का. आता इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला सात मार्क मिळतात हे मला माहितीये, माझ्या मुलाने पण घेतलेत, त्यामुळे कोणाला हसायचा मला अधिकार नाही. पण चाळीस मुलांच्या चाळीस सारख्याच प्रिंटा वाळत घातलेल्या बघून मला माझं खातं आठवलं. तिथं सारखं नसलं की बाद, हे आम्ही करायचो, कारण ती नोट होती. हे आठ वर्षांच्या पोरांचं झाड होतं. आणि ह्यात शिकवणाऱ्या बाईंना तरी काय दोष देणार, चित्रकलेचा तास त्यांच्याकडे का, तर त्या दिवशी त्यांचा तास रिकामा होता म्हणून. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक द्यायचा. लिहिलंय.

एका पोराच्या बोटाला हत्यार लागलं ते पण सांगतो, उगाच लपवायला नको. रक्त आलं, पट्टी केली, आई रागावली. नियम एकच आहे, धरायचा हात कायम हत्याराच्या मागे, पुढे नाही. आणि थंडीत लिनो कडक होतो, जोर लावला की हत्यार सटकतं, त्यामुळे आता डिसेंबर-जानेवारीत आम्ही तुकडे आधी गच्चीवर उन्हात ठेवतो, पापडासारखे, मऊ झाले की लोण्यासारखे कापले जातात. रॉकेल आता कुठं मिळत नाही म्हणून रोलर पुसायला तळणीचं उरलेलं तेल आणि मग भांड्याचा साबण. शाई एका लग्नपत्रिकावाल्याने दिली. त्याच्याकडे जुनं ट्रेडल मशीन अजून आहे, खिळे म्हणजे धातूची अक्षरं जुळवून छापायचं, आता बंदच असतं, पण डबे होते पडून.

आणि आता मोठं. गेल्या वर्षी चित्रकाराच्या डोक्यात आलं की गोदावरी काढायची, सगळी, गंगापूर धरणापासून खाली, आठ बाय चारच्या प्लायवर, तीन प्लाय एकाला एक लावून. एवढं मोठं चमच्याने घासायचं तर पुढचा सिंहस्थ येईल, आणि एवढं प्रेस कुठं मिळायचं. तर म्हणाला रस्त्याचा रोलर आहे ना. मला वाटलं गंमत करतोय. परदेशात म्हणे करतात असं, रस्त्यावर ठसा ठेवायचा, त्यावर कापड आणि वरून रोडरोलर.

दीड-दोन महिने लागले कोरायला. सोमेश्वरचा धबधबा, आनंदवल्ली, होळकर पूल, रामकुंड, तपोवन. तपोवनात कोणी काय कोरायचं ह्यावर भांडायची वेळच आली नाही, सगळ्यांना झाडंच कोरायची होती, झाडांवरून शहरात केवढा वाद झाला तुम्हाला माहितीचे. मी एकाच गोष्टीसाठी अडून बसलो, की नदी तपोवनात संपत नाही, खाली दसक-पंचक आहे, आमचं, तिथं पण घाट आहे, तिथं पण माणसं राहतात, शहराचं सगळं पाणी वाहून शेवटी आमच्याच दारावरून जातं. शेवटी कोपऱ्यात वीतभर जागा मिळाली, ती मी कोरली. एका पोराने सोमेश्वर उलटं करायचं विसरून सुलट बाजूला कोरलं, म्हणजे छापल्यावर ते तपोवनाच्या खाली येणार होतं, मग तो तुकडा कापून तिथं दुसरी फळी बसवली, नीट बघितलं तर अजून सांधा दिसतो.

खरा वाद काळाराम मंदिरावरून झाला. कळस सगळ्यांना हवा होता. तर पंचवटीतले एक आजोबा, माझ्यापेक्षा बरेच मोठे, ते म्हणाले मी कळस कोरणार नाही, मी दरवाजा कोरणार. त्यांचे वडील २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात त्या दरवाजाबाहेर उभे होते. दोघं-तिघं म्हणाले आता कशाला ते, चांगलं सणासुदीचं चित्र आहे. आजोबा काही बोलले नाहीत, हत्यार घेऊन बसून राहिले. चित्रकाराने तेव्हा फोनवर एक चित्र दाखवलं, नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेच्या वेळी केलेला काठी टेकत चाललेल्या गांधीजींचा लिनोकट, काळ्यावर पांढऱ्या चार रेघा, कोपऱ्यात कोरलेलं साल, १९३०. म्हणाला तोच उन्हाळा, तिकडे तो माणूस चालत होता आणि इकडे ह्यांचे वडील दरवाजाशी उभे होते, दोन्ही छापण्यासारखं आहे. मग कळस पण राहिला आणि दरवाजा पण आला, बंद, बाहेर नुसत्या उभ्या रेघा, माणसं म्हणून. मला विचाराल तर सगळ्या तीन प्लायमधली तीच जागा सगळ्यात चांगली आहे, कारण तिथं कमी कोरलंय.

छपाईच्या दिवशी रोलर मिळाला तो पण कसा, जवळ डांबरीकरण चालू होतं, ड्रायव्हर जेवायला थांबला होता, पोरांनी त्याला घेरलं. तो म्हणाला माझं पोट भरू द्या मग येतो. शाई लावायला बारा माणसं, वर मांजरपाट, त्यावर जुन्या गाद्यांचा स्पंज, त्यावर आणखी एक प्लाय. पहिल्या वेळी त्याने मधेच हँडल जरासं वळवलं आणि कापड सरकलं, रामकुंड दोनदा छापलं गेलं, पुसट. लोक हळहळले पण ड्रायव्हरला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, म्हणाला परत लावा, मी आता हलणार नाही. दुसऱ्या वेळी तो माणूस इतक्या हळू गेला की रोलर चालतोय का उभा आहे ते कळेना. कापड उचललं तेव्हा कोणी टाळ्या बिळ्या वाजवल्या नाहीत, सगळे वाकून आपापला तुकडा शोधत होते. मी पण. दसकचा घाट आला होता व्यवस्थित. ड्रायव्हर खाली उतरला, खूप वेळ बघत राहिला आणि विचारलं ह्यात माझं नाव कुठं टाकणार. टाकलं, पेन्सिलीने, छापणार म्हणून, पहिलं.

आता कोणी म्हणेल ह्याचा नाशिकशी काय संबंध, हे बाहेरचं खूळ आहे. अहो दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा माणूस, १८७० चा जन्म, सिनेमा काढला १९१३ ला, त्याच्या आधी हा माणूस छपाईत होता. मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात शिकला, राजा रविवर्म्याच्या लोणावळ्याकडच्या दगडी छापखान्यासाठी काम केलं, मग स्वतःचं प्रेस काढलं, आणि शेवटी १९४४ ला इथं नाशकातच गेला. पांडवलेणीच्या पायथ्याला स्मारक आहे, तिथं आपण पिकनिकला जातो. आणि १९३१ ला नवी दिल्लीच्या उद्घाटनाची जी चित्रांची टपाल तिकिटं निघाली ती पण नाशिकलाच छापली. म्हणजे ह्या गावाच्या हाताला शाई शंभर वर्षांपासून लागलेली आहे, फक्त ती कंपाउंडच्या आत होती.

चित्रकारावर पण माझा राग आहे थोडा, तो पण लिहितो. एक तर तो कोणाला काही कळवत नाही, पोस्टर नाही, पत्रक नाही, ज्याला कळलं त्याला कळलं. आणि लोकांसमोर बोलायला उभं केलं की सामूहिक स्मृती, अवकाश, हस्तक्षेप असले शब्द वापरतो, मी त्याला म्हटलं अरे बाबा, तू चमचा आणि काच एवढंच बोल, बाकी लोक बघून घेतात. आणि खर्च सगळा स्वतःच्या खिशातून करतो हे मोठेपण नाहीये, हा मूर्खपणा आहे, कारण तो ज्या दिवशी दमेल त्या दिवशी सगळं बंद. आम्ही एका कार्यालयात गेलो होतो अर्ज घेऊन, तर साहेब म्हणाले सुशोभीकरणात बसत असेल तर बघतो, भिंत कुठली आहे. म्हटलं भिंत नकोय, खोली पाहिजे. म्हणाले खोलीचं हेड वेगळं.

तर मागणं एवढंच आहे. गावात, शक्यतो जुन्या नाशकात, कुठलीही एक रिकामी खोली, पाणी आणि लाईट असलेली, फक्त रविवारी सकाळी उघडी पाहिजे. त्यात एक छोटं प्रेस, ती रसवंती. उरलेले सहा दिवस कुलूप लावा. आणि खांबांवर चित्रं काढायचं कंत्राट ज्यांना मिळालंय त्यांना एवढं सांगा की प्रत्येक खांबाचा खालचा चार फुटाचा भाग तिथल्या लोकांना द्या, टपरीवाल्याला, रिक्षा स्टँडला, शेजारच्या शाळेला. वाकडंतिकडं येईल, येऊ दे. वर तुमचे साधू राहतीलच.

आणि तुमच्याकडे वेगळं. तुमच्या छापखान्यात कागदाच्या रिळाचा शेवटचा भाग उरतो, मशीनवर चालत नाही म्हणून रद्दीत जातो, हे मला माहितीये, छपाईवाल्यापासून लपत नाही. तो आम्हाला द्या. लिनोला तो कागद फार छान बसतो, शाई लगेच पितो. कधी येऊ ते सांगा, लग्नपत्रिकावाल्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे, तो घेऊन येतो, हमाली आमची आम्ही करू. आणि रविवारच्या पुरवणीत कोपऱ्यात कधीतरी एखादी प्रिंट छापा, काळीपांढरी असते, तुम्हाला रंगाचा पण खर्च नाही.

सोबत माझी पहिली प्रिंट पाठवतोय, माझा शिफ्टचा तीन पुडाचा डबा, नंबर ४/१५. डब्याची कडी खरी उजवीकडे आहे, छापताना डावीकडे गेली, ती चूक तशीच राहू द्या. दुमडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातलीये. प्रिंट ठेवून घ्या, पुठ्ठे परत मिळाले तर बरं होईल, पुढच्या रविवारी लागतात.

कळावे,
आपला एक जुना वाचक, प्रेसमधून रिटायर
जेलरोड, नाशिकरोड
(माझं पण नाव नका छापू, सौ. म्हणतात उगाच मिरवायला नको)